रेडिएटरची कुळकथा आणि घोडनदीची हवा

जुन्या मोटारीच्या पुढ्यात जाळीआड बसलेला रेडिएटर मूळचा थंड मुलखातला. 1886 साली कार्ल बेंझने आपल्या मोटारीचे पेटंट घेतले, त्या वेळी इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. त्यामुळे 1888 मध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्‌झहाइमला निघाली, तेव्हा तिला वाटेत ठिकठिकाणी पाणी भरून घ्यावे लागले. हा अपव्यय विल्हेल्म मायबाखने आवरला. 1901 च्या मर्सिडीझमध्ये 6 मिलिमीटर रुंदीच्या 8,070 चौकोनी नळ्या मधाच्या पोळ्यासारख्या रचून, त्यांतून वारा खेळवीत, थोडेच पाणी पुनःपुन्हा निववण्याची त्याने तजवीज केली.

या तजविजीत वाऱ्याची भागीदारी मोठी. आणि तोच भागीदार घोडनदीच्या परिसरातल्या शिरूर-दौंडच्या पर्जन्यछायेतल्या माळावर ऐन वैशाखात हात आखडता घेतो. हिशेब साधा आहे. इंजिनाचे पाणी 90 अंशांवर आणि पौषातल्या पहाटेची हवा 10 अंशांवर असली, तर दोहोंतले अंतर 80. दुपारची हवा 40 वर गेली की ते 50 वर येते, आणि उष्णतेचे वहन या अंतराच्याच प्रमाणात होत असल्यामुळे रेडिएटरच्या सामर्थ्यातले रुपयामागे सहा आणे तिथेच बुडतात. तापलेली हवा सुमारे दशांशाने विरळही होते, ती तूट वेगळी. त्यात हा प्रदेश समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंच, म्हणून उघडे पाणी शंभराऐवजी 98 अंशांच्या आसपासच उकळते. युरोपात हिवाळ्यात रेडिएटरला दुलई पांघरत. आमच्याकडे त्याच्या वाट्याला बंपरला टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी आली.

1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस अहमदनगरहून पुण्यास निघाली, तीही याच बाजूने, सुपे, शिरूर, लोणीकंद करीत. पुढे रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग बसवून पाणी दाबाखाली कोंडण्याची युक्ती रूढ झाली. सुमारे अर्ध्या वातावरणाच्या जादा दाबाने उत्कलनबिंदू दहा-बारा अंशांनी चढतो. माझ्या मते रणरणत्या दुपारी या युक्तीचा उपकार पंख्याहूनही मोठा. मात्र तिच्यात एक धोकाही दडलेला आहे.

या माळावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने जुनी गाडी नेणाऱ्यांनी दुपारचे ऊन टाळायला पहाटेच निघावे. पाठीमागून वारा असेल तर जाळीला हवा कमी लागते, तेव्हा काटा चढताच सावलीत थांबावे. आणि काहीही झाले तरी इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये, कारण दाब सुटताक्षणी आतले पाणी एकदम उकळून अंगावर येते.