फोकसबिंदूंची निवड (छायाचित्रण)

फोकसबिंदूंची निवड : स्वयंचलित फोकसच्या कॅमेऱ्यात चौकटीतल्या नेमक्या कोणत्या जागी फोकस बसावा, हे ठरवण्याची क्रिया. व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा मागच्या पडद्यावर जे लहान चौकोन दिसतात, त्यांना फोकसबिंदू म्हणतात. लेन्स किती सरकवायची हे कॅमेरा मोजून काढतो. पण दृश्यातल्या कोणत्या वस्तूसाठी मोजायचे, हे त्याला सांगावे लागते. बिंदू असतो एका जागी आणि रचनेला विषय हवा असतो दुसऱ्या जागी; निवडीच्या बहुतेक पद्धती ही अडचण सोडवताना रूढ झाल्या.

इतिहास : मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला स्वयंचलित फोकसचा कॅमेरा म्हणजे कोनिका सी३५ एएफ (१९७७). एसएलआर प्रकारात मिनोल्टा ७००० (१९८५) या कॅमेऱ्याने फोकसचे संवेदक आणि मोटर दोन्ही बॉडीतच बसवली. त्याचे फोकसक्षेत्र एकच आणि तेही मधोमध होते. कॅनन ईओएस ५ (१९९२) मध्ये एका आडव्या ओळीत पाच बिंदू आले. कॅमेरा आडवा धरला असेल तर छायाचित्रकाराची नजर ज्या बिंदूवर असेल तो आपोआप निवडला जाई. ईओएस ३ (१९९८) मध्ये बिंदूंची संख्या ४५ झाली. निकॉनने २००७ मध्ये डी३ आणि डी३०० या दोन्ही कॅमेऱ्यांत ५१ बिंदूंची एकच यंत्रणा वापरली. डी३०० चा संवेदक लहान असल्याने त्यात बिंदू कडांजवळ पोहोचत; डी३ च्या मोठ्या चौकटीत मात्र तेच बिंदू मध्यभागी गोळा झालेले दिसत.

रचना : डीएसएलआरमध्ये लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा एका स्वतंत्र संवेदकावर पडतात. त्या एकमेकींपासून किती सरकल्या आहेत यावरून फोकस पुढे न्यायचा की मागे, आणि किती, हे कळते. एकरेषीय बिंदूला एकाच दिशेच्या रेघा नीट ओळखता येतात. उभ्या रेघा ओळखणारा बिंदू खिडकीच्या आडव्या पट्ट्यांवर ठेवला, तर लेन्स पुढे-मागे होत राहते आणि फोकस बसत नाही. क्रॉस प्रकारचा बिंदू दोन्ही दिशांच्या रेघा ओळखतो. डी३ च्या ५१ पैकी १५ बिंदू असे होते आणि ते सारे मधल्या भागात होते. म्हणून अंधूक प्रकाशात अनेक जण मधल्याच बिंदूवर विसंबत. कोऱ्या भिंतीवर किंवा पांढऱ्या सदऱ्याच्या सपाट भागावर कुठलाच बिंदू चालत नाही. तिथे कॉलरची कड किंवा गुंडी शोधावी लागते.

निवडीच्या पद्धती : (१) सर्व बिंदू खुले ठेवून निवड कॅमेऱ्यावर सोपवली, तर तो बहुधा सर्वांत जवळची, ठळक कडा असलेली वस्तू धरतो. लग्नात वधूचा चेहरा जवळून टिपताना याचा प्रत्यय येतो : गालासमोर लोंबणाऱ्या मुंडावळ्यांचे मोती लख्ख उमटतात आणि डोळे किंचित मऊ पडतात. (२) एकच बिंदू हाताने निवडणे ही स्थिर विषयासाठी सर्वांत खात्रीची पद्धत. चेहरा तिरपा असेल तर बिंदू कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवतात. (३) बिंदूंचा गट हलत्या विषयासाठी वापरतात. भिगवणच्या पाणथळीवर उडणाऱ्या रोहित पक्ष्यावर एकच बिंदू टिकवणे अवघड असते. गट घेतला की पक्षी एका बिंदूवरून निसटला तरी शेजारचा त्याला धरतो. गवताआड बसलेल्या पक्ष्यासाठी मात्र गट उपयोगी नाही; तो पुढची पातीच पकडतो.

फोकस धरून चौकट बदलणे : मधल्या बिंदूने फोकस घ्यायचा, शटरचे बटण अर्धे दाबून तो कायम ठेवायचा आणि कॅमेरा वळवून रचना साधायची, ही जुनी व झटपट रीत आहे. कॅमेरा वळला की फोकसचे प्रतलही वळते आणि विषयाच्या मागे जाते. ५० मिमी लेन्सने १ मीटरवरचा विषय घेऊन कॅमेरा १५ अंश वळवला, तर हा फरक सुमारे ३.४ सेंमी होतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ/१.४ ला सुस्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची एकूण जाडी जेमतेम ३ सेंमी असते; म्हणजे डोळे त्याबाहेर पडतात. विषय एक-तृतीयांश रेषेवर नेण्यासाठी सुमारे ७ अंशच वळावे लागते. तेव्हा फरक १ सेंमीच्या आत राहतो आणि बहुधा खपून जातो. ३ मीटरवर सुस्पष्ट पट्टा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात रुंदावतो, फरक मात्र अंतराच्याच प्रमाणात वाढतो. म्हणून ही रीत दूरच्या विषयाला निर्धोक असते. जवळच्या विषयाला उघड्या ॲपर्चरवर बाजूचा बिंदू निवडावा, किंवा कॅमेरा न वळवता समांतर सरकवावा.

सतत फोकसच्या पद्धतीत चौकट बदलताच कॅमेरा बिंदूखाली आलेल्या नव्या वस्तूवर फोकस घेतो. त्यामुळे अनेक छायाचित्रकार फोकसचे काम शटरच्या बटणाकडून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणाकडे देतात. अंगठा उचलला की फोकस तिथेच थांबतो.

मिररलेस कॅमेरे : यांत प्रतिमा टिपणारा संवेदकच फोकसही मोजतो, त्यामुळे बिंदू मध्यभागी अडकून राहत नाहीत. सोनी ए९ (२०१७) मध्ये ६९३ बिंदू असून ते चौकटीचा सुमारे ९३ टक्के भाग व्यापतात. चेहरा, डोळा, पक्षी किंवा वाहन ओळखून बिंदू त्यामागे नेण्याची सोय आता रूढ आहे, आणि नजरेने बिंदू निवडण्याची जुनी कल्पना कॅनन ईओएस आर३ (२०२१) मध्ये परत आली. कडेचा विषय धरण्याची अडचण यामुळे बरीचशी संपली. अनेक चेहऱ्यांतून एक निवडण्याची उरली. पाठवणीच्या वेळी पुढे हसणारी करवली आणि मागे डोळे पुसणारी आई, दोघीही चौकटीत असल्या तर यंत्रणा बहुधा मोठ्या दिसणाऱ्या चेहऱ्याला धरते. चित्र आईचे हवे असेल, तर बिंदू हाताने तिच्यावर न्यावा लागतो.