पठाणाचं रोजचं जेवण आणि पाहुण्याचं ताट

मंडळी, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपल्याला पेशवाईच्या अखेरीमुळे ठाऊक आहे. पुण्यात रेसिडेंट म्हणून येण्याआधी, १८०९ साली, तो शाह शुजाच्या भेटीला पेशावरला गेला होता. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात राजकारणाबरोबर पश्तून लोकांचं, म्हणजे आपण ज्यांना पठाण म्हणतो त्यांचं, खाणंपिणं आणि पाहुणचारही आहे. आज त्याविषयीच बोलू.

पठाण म्हटलं की आपल्याला कबाब आणि पुलाव आठवतो. ते झालं बाजारातलं आणि मेजवानीचं खाणं. डोंगरातल्या शेतकऱ्याचं, मेंढपाळाचं रोजचं जेवण साधं असे. गव्हाचा नान, स्वातसारख्या भागात मक्याची रोटी, सोबत दही-ताक, पालेभाजी किंवा डाळ. पुढे हिरवा चहाही आला. हिवाळ्यात दूध आटतं, म्हणून आधीच ताक आटवून त्याचे गोळे वाळवून ठेवायचे. हे कुरुत. ते पाण्यात कोळायचं, वर तूप सोडायचं आणि त्यात रोटी कुस्करून खायची. थंड मुलखात मेंढीचं मांसही सुकवून ठेवतात, त्याला लांदी म्हणतात. म्हणजे बघा, सगळा हिशेब हिवाळ्याचा.

अशा मोजूनमापून चालणाऱ्या घरात पाहुणा येतो. पश्तूनवली या त्यांच्या अलिखित आचारसंहितेत पाहुणचाराला मेलमस्तिया म्हणतात. पाहुणा अनोळखी असला तरी परतफेडीची अपेक्षा न ठेवता त्याला घरातलं उत्तम ते वाढायचं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गातल्या कर्तव्याच्या उदाहरणांना खर्च नसतो. इथे कर्तव्य म्हणजे कळपातली एक मेंढी कमी.

पण हा खर्च सोसतं कोण? पाहुणा बसतो हुजऱ्यात. आपला हुजऱ्या वेगळा. हा हुजरा म्हणजे पुरुषांची बैठक. अन्न शिजतं आत, घरात. पीठ मळणारी, कुरुत वाळवणारी बाई रिवाजानुसार तिथे येत नाही. पाहुणा दुवा देतो, तो यजमानाला.

म्हणून मेलमस्तिया खोटा ठरतो का? नाही. उपाशी वाटसरूला त्याने खरोखर जगवलं आहे. पण त्याचा इतिहास हुजऱ्यात बसून लिहिला, तर तो अर्धाच होतो. आणि हे फक्त त्यांच्यापुरतं नाही. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या आपल्या घरांत पंगती उठल्यावर बायका काय जेवत होत्या, हेही एकदा आठवून बघा.