विद्यार्थ्याचा आवाज आणि ऐकण्याची व्यवस्था

विद्यापीठांतील विद्यार्थी आपली कला, आपली अस्मिता आणि आपला समाज यांविषयी स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या मालिका प्रसृत करू लागले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. या मालिकांसाठी 'पॉडकास्ट' हाच शब्द रूढ झाला असल्याने प्रस्तुत निबंधातही तोच स्वीकारला आहे. त्यांची दखल घेताना सहसा एक ठरावीक इतिहास सांगितला जातो. प्रथम ध्वनिमाध्यम शासनाच्या हाती होते. नंतर ते परवान्याच्या रूपाने विद्यापीठांना मिळाले. अखेरीस तंत्रज्ञानाने परवान्याचीही गरज संपवली आणि विद्यार्थ्याला 'स्वतःचा आवाज' प्राप्त झाला. मौनाकडून वाणीकडे झालेला हा प्रवास मुक्तीचा प्रवास म्हणून मांडला जातो.

हा इतिहास चुकीचा नाही, पण तो एकाच बाजूचा आहे. बोलण्याची परवानगी कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळाली, एवढेच तो सांगतो. बोललेले कोणी ऐकावे, ऐकणाऱ्यांना एकत्र कोणी आणावे आणि त्यांनी दिलेले उत्तर बोलणाऱ्यापर्यंत कसे पोहोचावे, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत. ऐकणे ही जणू आपोआप घडणारी क्रिया आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत तपासले, तर 'अस्मितेचा आविष्कार' म्हणून ज्यांचे कौतुक होते त्या ध्वनिरूपांकडे वेगळ्या रीतीने पाहावे लागते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१

प्रथम परवानगीचा इतिहास थोडक्यात पाहू. तरुणांसाठी स्वतंत्र प्रसारण असावे या विचारातून आकाशवाणीने १९६९ मध्ये दिल्लीहून 'युववाणी' सुरू केली. विद्यार्थ्यांचा आवाज यातून लहरींवर आला हे खरे. परंतु तो संस्थेने आखलेल्या चौकटीत आला. बोलणारा तरुण असला तरी विषय, अवधी आणि भाषेची पातळी ठरविणारी यंत्रणा दुसऱ्याची होती. लिहून दिलेली, तपासलेली आणि मग वाचलेली संहिता हा नभोवाणीवरील भाषणाचा प्रतिष्ठित प्रकार होता. या व्यवस्थेत विद्यार्थ्याचा आवाज ऐकू येई, पण त्यामागचे वाक्य बहुधा लेखी मराठीचे असे.

पुढचा महत्त्वाचा टप्पा न्यायालयीन आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि तिच्यावर शासनाची मक्तेदारी असू नये असे प्रतिपादिले. मात्र याच निर्णयाने या लहरींचे नियमन सार्वजनिक संस्थेने केले पाहिजे, असेही सांगितले. म्हणजे लहरी सर्वांच्या ठरल्या, तरी त्यांचा वापर परवान्यावाचून करण्याचा हक्क कोणालाच मिळाला नाही.

या निर्णयानंतर सात वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा देणारे धोरण आले. त्यानुसार चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आणि मुंबई विद्यापीठाचे केंद्र ही त्याच परंपरेतील उदाहरणे होत. नोव्हेंबर २००६ मधील धोरणाने ही मुभा बिगर-नफा लोकसंस्थांपर्यंत वाढविली. त्या धोरणातील दोन तरतुदी आपल्या दृष्टीने उद्बोधक आहेत. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून निर्माण व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलींत असावेत, ही पहिली. बातम्या आणि चालू घडामोडी यांवर कार्यक्रम करू नयेत, ही दुसरी. पहिली तरतूद बोलीला निमंत्रण देते, तर दुसरी त्या बोलीतून राजकारण बोलण्यास मज्जाव करते.

या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे विद्यापीठीय ध्वनिमाध्यमांत 'कला', 'संस्कृती' आणि 'अस्मिता' हे विषय एवढे मध्यवर्ती का झाले, याचे निदान एक कारण सापडते. जातीविषयी 'अनुभव' म्हणून बोलणे शक्य होते. शिष्यवृत्तीच्या थकबाकीविषयी किंवा निवडणुकीविषयी बोलणे 'चालू घडामोडी' ठरण्याचा धोका होता. अस्मितेची भाषा विद्यार्थ्यांनी निवडली हे खरेच. पण तिच्या आजूबाजूच्या वाटा बंद होत्या, हेही तितकेच खरे आहे.

'पॉडकास्ट' हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम आला, म्हणजे अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले त्याच महिन्यात. हा योगायोगच आहे. तथापि दोन व्यवस्थांमधील फरक तो नेमका दाखवितो. एका व्यवस्थेत शंभर वॅटपर्यंतचे क्षेपण, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि पाच-दहा किलोमीटरचा परिसर होता. दुसरीत मनोरा नाही, परवाना नाही, आणि परिसरही नाही. या शेवटच्या अभावाकडे मुक्तीच्या कथनाने दुर्लक्ष केले आहे. परिसराची मर्यादा हे बंधन होते यात शंका नाही. पण त्या मर्यादेमुळेच बोलणाऱ्याला आपला श्रोता कोण हे ठाऊक होते. तो त्याच रस्त्याने ये-जा करणारा, त्याच नळावर पाणी भरणारा होता.

२

ऐकण्याची व्यवस्था म्हणजे काय, याचे एक महत्त्वाचे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून, युनेस्कोच्या साहाय्याने, तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावात वीसेक श्रोत्यांचे मंडळ कार्यक्रम एकत्र ऐके, लगेच त्यावर चर्चा करी आणि आपले प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे पाठवी. पुढील प्रसारणांत त्या प्रश्नांची दखल घेतली जाई.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. त्यांनी तीन प्रकारच्या खेड्यांची तुलना केली : श्रोतृमंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. श्रोतृमंडळांच्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. आवाज दोन्हीकडे तोच पोहोचला होता. फरक पडला तो आवाजाभोवती उभारलेल्या बैठकीमुळे. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तो विकासाच्या शासकीय कल्पनेतून जन्मला होता. विषय शेती आणि ग्रामसुधारणेचे होते. मंडळात कोण बसे आणि कोण दाराबाहेर राही, हा प्रश्न गावातील जातिव्यवस्था जाणणाऱ्याला विचारावाच लागेल. परंतु त्याने एक गोष्ट प्रस्थापित केली. ध्वनिमाध्यमात समुदाय आधी तयार असतो आणि मग आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो, असे नसते. एकत्र ऐकणे आणि उत्तर देणे या कृतींतून समुदाय घडतो.

बर्टोल्ट ब्रेख्त यांनी १९३२ मधील आपल्या रेडिओविषयक विवेचनात हाच मुद्दा सैद्धांतिक पातळीवर मांडला होता. वितरणाचे साधन असलेला रेडिओ संज्ञापनाचे साधन व्हावा, श्रोत्यालाही बोलते करावे, अशी त्यांची मागणी होती. पॉडकास्टने ही मागणी पूर्ण केली असे वरवर वाटते, कारण आता प्रत्येक श्रोता वक्ता होऊ शकतो. वस्तुतः ती अर्धीच पूर्ण झाली आहे. ब्रेख्त यांना एकमेकांना उत्तरे देणारे वक्ते-श्रोते अभिप्रेत होते. शेजारी शेजारी, स्वतंत्रपणे बोलणाऱ्यांची गर्दी नव्हे. कर्णयंत्र लावून एकट्याने ऐकलेली कहाणी श्रोत्याला हेलावू शकते, पण तिचे उत्तर त्याने कोणाला द्यावे?

३

येथे एक आक्षेप संभवतो. अस्मितेविषयीचे कथन हे मूलतः आत्मशोधाचे असते. त्याला श्रोतृमंडळाची गरज काय? या आक्षेपाचे उत्तर मराठी आत्मकथनांच्या परंपरेतच मिळते.

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा रूपबंध सुपरिचित आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकणारा असतो दया पवार. दोघे एकच आहेत आणि एक नाहीतही. गावकुसाबाहेर वाढलेला 'स्व' बोलतो आणि शिकून शहरात स्थिरावलेला, लेखक म्हणून ओळखला जाणारा 'स्व' ऐकतो. या रचनेचा विचार दुभंगलेल्या व्यक्तित्वाचे चिन्ह म्हणून झाला आहे. आपल्या विषयाच्या संदर्भात तिचा आणखी एक अर्थ दिसतो. आपले सांगणे कोणी ऐकेल याची खात्री नसताना लेखकाने श्रोता संहितेतच निर्माण केला. ऐकण्याच्या व्यवस्थेची उणीव त्याने रूपबंधाने भरून काढली.

विद्यार्थ्यांच्या पॉडकास्टमध्ये दोघांच्या संवादाची रचना फार आढळते : एक मित्र विचारतो, दुसरा आपले गाव, आपली जात, आपली भाषा यांविषयी सांगतो. तिच्याकडे केवळ मुलाखतीचे तंत्र म्हणून न पाहता 'बलुतं'च्या रूपबंधाची जवळची आप्त म्हणून पाहिले, तर समीक्षेला योग्य प्रश्न सुचतात. विचारणारा कोणत्या स्थानावरून विचारतो? सांगणारा त्याला उत्तर देतो आहे की त्याच्या खांद्यावरून दूरच्या, अनोळखी श्रोत्याकडे पाहतो आहे? विचारणाऱ्याचे अज्ञान खरे आहे, की श्रोत्याच्या सोयीसाठी पांघरलेले?

येथे छापील आत्मकथन आणि ध्वनिरूप आत्मकथन यांतील एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. छापील पानावर लेखकाला भाषेचे स्तर वेगळे राखता येतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही विभागणी मराठी गद्यात दीर्घकाळ चालत आली. दलित आत्मकथनांनी ती अनेक ठिकाणी मोडली. पण मोडायची की राखायची हा निर्णय लेखकाच्या हाती होता. आवाजाला अशी विभागणी सहज साधत नाही. वऱ्हाडातील काही भागांत 'डोळा' चा 'डोया' होतो. अनेक बोलींत 'ण' च्या जागी 'न' येतो. लिहिताना ही वैशिष्ट्ये वगळता येतात, बोलताना ती प्रत्येक वाक्यासोबत येतात. रोलाँ बार्त यांनी १९७२ मध्ये गायनाच्या संदर्भात आवाजाच्या पोताची कल्पना मांडली. अर्थाच्या अलीकडे, देहातून उमटणारे असे काही आवाजात असते, असे त्यांनी सुचविले. मराठी समाजात या पोताला सामाजिक अर्थ आधीच चिकटलेला असतो. पहिल्या दोन वाक्यांत बोलणाऱ्याचा जिल्हा आणि पुष्कळदा त्याची जातही ऐकणारा मनाशी ठरवून टाकतो.

म्हणून ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या विद्यार्थ्यापुढचा पेच विषयाच्या निवडीपुरता नसतो, तो उच्चारापर्यंत जातो. आकाशवाणीने रुजविलेल्या निवेदनशैलीत आपल्या वस्तीची हकीकत सांगितली, तर आशय आणि आवाज परस्परांपासून दुरावतात. घरच्या बोलीत सांगितली, तर काही श्रोते तिच्यात 'अस्सलपणा' शोधून तिचे कौतुक करतात, आणि ते कौतुकही एक प्रकारे ऐकण्यास नकारच असते. उच्चाराची चव घेतली जाते, युक्तिवाद बाजूला राहतो. या दोन्ही शक्यतांच्या मधून विद्यार्थी जी वाट काढतात, ती या ध्वनिरूपांतील खरी वाङ्मयीन घडामोड आहे.

४

या विवेचनातून समीक्षेसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, या मालिकांचा विचार आशयसूचीने करू नये. जात, लिंगभाव, स्थलांतर, लोककला असे विषय मोजून अस्मितेचा आविष्कार सिद्ध होत नाही. विराम, भाषास्तरांतील बदल, विचारणाऱ्या आणि सांगणाऱ्याचे स्थान यांची चिकित्सा ज्या बारकाईने आपण कथेच्या निवेदनाची करतो त्याच बारकाईने व्हावी.

दुसरी, जतनाचा प्रश्न केवळ ग्रंथालयशास्त्राचा मानू नये. ज्या परंपरेत शतकानुशतके बहुजनांचे बोलणे नोंदविलेच गेले नाही, तेथे नोंदविलेले बोलणे एका विद्यार्थ्याने पदवी घेऊन संस्था सोडताच नाहीसे व्हावे, ही किरकोळ हानी नव्हे. विद्यापीठे प्रबंध जतन करतात. त्याच विद्यार्थ्यांचे ध्वनिमुद्रित कथन जतन करण्याची जबाबदारीही त्यांनी स्वीकारायला हवी. अर्थात बोलणाऱ्याची संमती आणि पुढे ती मागे घेण्याचा त्याचा हक्क सांभाळूनच हे व्हावे. विसाव्या वर्षी स्वतःच्या घराविषयी बोललेले चाळिसाव्या वर्षी कोणाला परत घ्यावेसे वाटू शकते.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. विद्यापीठे विद्यार्थ्यांना बोलण्यासाठी साधने पुरवितात. ऐकण्यासाठी जागा पुरवीत नाहीत. ध्वनिमुद्रणकक्ष उभारणे सोपे असते, त्याचे उद्घाटनही करता येते. पंधरा-वीस जणांनी एका वर्गात बसून एखाद्या सहाध्यायाचे कथन ऐकावे, त्यावर वाद घालावा आणि त्या वादाला पुढच्या भागात उत्तर मिळावे, यासाठी मात्र वेळापत्रकात तास लागतो आणि तो तास सांभाळणारा अध्यापक लागतो. १९५६ साली पाच जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी ते केले होते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला ते अशक्य नाही, आणि त्याची सुरुवात आपापल्या विभागात, पुढच्या सत्रापासूनच करता येईल.