मशेरी आणि दातांची ताई

आपल्या बुलढाण्याच्या गावांत सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की समजायचं, कुणाकडे तरी मशेरी होतेय. आमच्या आज्यांनी तिनंच दात घासले. ती सोड, असं त्यांना सांगणार कोण?

अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली दवाखान्यातल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दातांवरचं कीटण काढायला शिकवलं. त्या त्यांच्या नात्यातल्याच. १९१३ मध्ये फोन्स यांनी बायकांसाठी शाळा काढली. तिथं शिकलेल्या बायका गावच्या शाळांत जाऊन मुलांचे दात साफ करायच्या, निगा शिकवायच्या. त्यांना डेंटल हायजिनिस्ट म्हणू लागले.

आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात हायजिनिस्टची दोन कामं लिहिली होती: दात साफ करणं आणि दातांची निगा शिकवणं. आम्हाला दुसरं मोठं वाटतं, कारण मशेरी सुटते ती त्यानंच.

पण एकदाच शिकून भागत नाही. जुन्या शिक्षणात कीटणावर भर होता. आज तिला तोंडातला पांढरा चट्टाही ओळखता यायला हवा. आशाताईंची उजळणी होते, तशी हिचीही व्हावी. तोवर तुम्हीच आरशात बघा: दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंचंही तोंड बघा.