तमाशापंढरीचा अबोल साथीदार: व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि नारायणगावचे फड (धागा)

१/
गिटारवादकांच्या जगात एक वाद कित्येक दशके चालू आहे. कार्यक्रमाला जाताना काचेच्या व्हॉल्व्हचा जड ॲम्प्लिफायर न्यावा, की ट्रान्झिस्टरवर चालणारा आटोपशीर? एका पारड्यात नादाची ऊब, दुसऱ्या पारड्यात वाहून नेणाऱ्याची पाठ. हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या एका फिरत्या रंगभूमीपुढेही उभा राहिला. तिथे मात्र त्याचे उत्तर नादापेक्षा अंतर, वजन आणि पैसा यांनी दिले. ही रंगभूमी तमाशाची, आणि तिची पेठ नारायणगावची.

२/
पुणे-नाशिक रस्त्यावरचे जुन्नर तालुक्यातले हे गाव 'तमाशापंढरी' म्हणून ओळखले जाते. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात आणि गावोगावी तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात. चैत्र जवळ आला की नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात. ठिकठिकाणचे गावपुढारी तिथे येऊन आपल्या यात्रेची सुपारी ठरवतात. पुढचे दीड-दोन महिने फड रोज नव्या गावी. ज्याला रोज बिऱ्हाड पाठीवर घ्यायचे, त्याला प्रत्येक पेटीचे वजन ठाऊक असते.

३/
यंत्रापूर्वीची स्थिती आधी लक्षात घेऊ. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता एक-चतुर्थांश उरते. पहिली रांग तीन मीटरवर आणि शेवटची अठ्ठेचाळीस मीटरवर असेल, तर शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पहिल्याच्या तुलनेत २५६ वा हिस्सा पोहोचतो. वर वारा, लेकरांची रड, खेळणीवाल्यांच्या पिपाण्या. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या काळातील तमाशाने ही लढाई केवळ गळ्याच्या बळावर लढली.

४/
तमाशाचे गाणे वरच्या पट्टीत का, याचे एक उत्तर इथे सापडते. मानवी कान मधल्या-वरच्या स्वरांना अधिक तत्पर असतो, आणि गलक्यातून तोच स्वर कापत जातो. झीलकऱ्यांचे कामही याच दृष्टीने पाहावे. मागे उभे राहून तुणतुणे आणि झांज सांभाळणारे हे साथीदार गाणाराची ओळ उचलून धरत, ताणत नेत. त्यात सौंदर्य होतेच, शिवाय मुख्य गळ्याला श्वास घ्यायला उसंत मिळे. हलगी-ढोलकीचा कडकडाट तर खेळ सुरू झाल्याची वर्दी शिवेपर्यंत पोहोचवी.

५/
आता यंत्राकडे. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट याने तीन विद्युताग्रांची निर्वात नळी घडवली. क्षीण विद्युतसंकेत मोठा करण्याची किल्ली माणसाच्या हाती आली. १९१५ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येला सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर समारंभात ध्वनिवर्धक वापरला गेला आणि एका वक्त्याचा शब्द अफाट जमावाला ऐकू गेला. गर्दी आणि आवाज यांचे हजारो वर्षांचे प्रमाण त्या दशकात बदलले.

६/
भारतात या यंत्राला राजकारणाने लोकांसमोर आणले. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ'ची पाटी स्वातंत्र्यलढ्याच्या सभांच्या छायाचित्रांत माइकवर ठळकपणे दिसते. पुढे दिल्लीच्या 'आहुजा'चे ॲम्प्लिफायर आणि कर्णे लग्नमांडव, कीर्तन, प्रचारसभा असे सर्वत्र पोहोचले. ग्रामीण महाराष्ट्रात 'स्पीकर लावला' म्हणजे कार्यक्रम आहे, असा अर्थ रूढ झाला. यात्रेतला तमाशाही याच कर्ण्यांखाली आला.

७/
पण व्हॉल्व्ह हा घरबशा प्राणी. त्याला शेकडो व्होल्टचा दाब लागतो. नळीतून कर्ण्यापर्यंत शक्ती नेण्यासाठी लोखंड-तांब्याचा वजनदार ट्रान्सफॉर्मर लागतो. नळीतला तंतू तापल्याखेरीज आवाज फुटत नाही. ईएल-३४ या प्रसिद्ध पॉवर व्हॉल्व्हला नुसते तापण्यासाठी सुमारे साडेनऊ वॅट लागतात. असे चार असतील, तर एक शब्दही बाहेर पडण्याआधी अडतीस वॅट उष्णतेत गेले. शिवाय ती काच. खडीच्या रस्त्यावरून, सामानाच्या ट्रकमधून, दररोज.

८/
आणि वीज? सर्व खेडी विजेच्या तारांनी जोडली जाण्यास पुष्कळ काळ जावा लागला. जिथे तार नाही तिथे जनित्र, नाहीतर बॅटरी. बॅटरीच्या बारा व्होल्टपासून व्हॉल्व्हला हवे तेवढे व्होल्ट मिळवायचे, तर मध्ये व्हायब्रेटरसारखे आणखी एक गुरगुरणारे, बिघडणारे यंत्र बसवावे लागे. उपाय होता, पण गैरसोयीचा.

९/
डिसेंबर १९४७. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर संकेत मोठा करून दाखवला. शॉक्लीने त्या कल्पनेला अधिक टिकाऊ रूप दिले आणि तिघांना १९५६ चे नोबेल मिळाले. निर्वात नळी नाही, काच नाही, तापवायचा तंतू नाही. घन पदार्थाच्या आतच सारे काम. इंग्रजीत म्हणूनच या यंत्रांना 'सॉलिड स्टेट' हे नाव पडले.

१०/
इथे भारतीय इतिहासातील एक सूक्ष्म वळण लक्षात घ्यावे. पश्चिमेत व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये चार दशकांचे अंतर होते. आपल्याकडे सरकारी 'भारत इलेक्ट्रॉनिक्स'ने व्हॉल्व्हचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू केले आणि जर्मेनियम अर्धसंवाहकांचे १९६२ मध्ये. जुने आणि नवे तंत्र आपल्या कारखान्यांत जवळजवळ हातात हात घालून आले. त्यामुळे 'आधी व्हॉल्व्हयुग, मग ट्रान्झिस्टरयुग' अशी सरळ रेघ इथल्या ध्वनीच्या इतिहासावर ओढणे धाडसाचे ठरेल. एकाच यात्रेत दोन्ही नांदू शकत होते.

११/
ट्रान्झिस्टरला काही दशक व्होल्ट पुरतात. म्हणजे गाडीच्या बॅटरीवर ॲम्प्लिफायर थेट चालू शकतो. कळ दाबताच आवाज. रिक्षावर कर्णा बांधून गावभर पुकारा करणे शक्य झाले ते यामुळेच: 'आज रात्री, यात्रेच्या मैदानात, लोकनाट्य तमाशा मंडळ...' फडाच्या दृष्टीने हा बदल दुहेरी होता. खेळ हलका झाला आणि खेळाची जाहिरातही फिरती झाली.

१२/
नवे तंत्र निर्दोष होते असे मात्र नव्हे. सुरुवातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेला भीत. तापले की अधिक प्रवाह, अधिक प्रवाहाने अधिक ताप, आणि शेवटी मरण. चैत्र-वैशाखाच्या उन्हात हा दोष क्षुल्लक नव्हता. सिलिकॉनने तो बराच दूर केला. दुरुस्तीचे गणितही बदलले. व्हॉल्व्ह गेला तर हाताने काढून दुसरा बसवता येतो. ट्रान्झिस्टर जळला तर डाग देणारा जाणता कारागीर शोधावा लागतो. स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटल्या तरी तो क्षणात जाऊ शकतो.

१३/
मग गिटारवादक व्हॉल्व्हला का चिकटून राहिले? कुवतीपलीकडे ताणला की व्हॉल्व्ह ध्वनिलहरीचे शेंडे हळुवार गोलावतो, साधा ट्रान्झिस्टर ते सपाट छाटतो. इलेक्ट्रिक गिटारीला ही गोलाई हवीशी वाटते, कारण तिथे ॲम्प्लिफायर हाच वाद्याचा अर्धा देह असतो. उलट १९७५ साली आलेला रोलँडचा 'जॅझ कोरस' हा ट्रान्झिस्टरवरचा ॲम्प्लिफायर प्रसिद्ध झाला तो त्याच्या स्वच्छ नादासाठी. तमाशाला नेमकी ही स्वच्छता हवी होती. बतावणीतला शब्द फाटला, तर द्व्यर्थाचा एकही अर्थ पोहोचत नाही!

१४/
जाता जाता: नारायणगावच्या शेजारी खोडद येथे जगप्रसिद्ध महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणारे कमालीचे क्षीण संकेत तिथे ट्रान्झिस्टरच मोठे करतात. एकाच तालुक्यात एक ॲम्प्लिफायर दीर्घिकांचे ऐकतो, दुसरा गवळण ऐकवतो. तत्त्व एकच.

१५/
पुन्हा फडाकडे. जुन्या कर्ण्याचा एक गुण आणि एक दोष. थोड्या वॅटमध्ये तो पुष्कळ आवाज देतो, म्हणून छोटा ॲम्प्लिफायरही पुरे. पण मधल्या पट्टीखालचे स्वर तो जवळजवळ गिळून टाकतो. गाणारीचा आवाज शिवारापार जाई, ढोलकीचा खर्ज मात्र मंचाजवळच राही. खर्ज दूर न्यायचा, तर मोठे स्पीकर आणि शेकडो वॅट हवेत. व्हॉल्व्हवर ते करायचे म्हणजे लोखंडाचा डोंगर वाहायचा. ट्रान्झिस्टरने ते आवाक्यात आणले.

१६/
आणि इथेच या धाग्याचा मुख्य मुद्दा येतो. ॲम्प्लिफायर हलका झाला म्हणून फड हलका झाला का? मुळीच नाही. वाचलेली जागा अधिक आवाजाने भरली. एका कर्ण्याच्या जागी स्पीकरच्या भिंती आल्या, त्यांच्यासाठी मोठे जनित्र आले, त्याच्यासाठी आणखी वाहन. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार आणि चित्रपटगीतांची रंगबाजी यांनी त्या वॅटचा पुरेपूर उपयोग केला. शेजारच्या फडाचा आवाज मोठा, तर आपला त्याहून मोठा हवा. वजन कमी करणाऱ्या शोधाने भांडवलाचा बोजा वाढवला.

१७/
हा बोजा कोणावर? तमाशाचा संसार उचलीवर चालतो. हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतात, मालक सावकाराकडून कर्ज. पाऊस पडला, खेळ बुडाला, तरी ट्रक, तंबू आणि ध्वनिव्यवस्था यांचा खर्च थांबत नाही. या कलेचा कणा असलेल्या मांग, महार, कोल्हाटी समाजांतील कलावंतांकडे गळा आणि ताल वारशाने होता. यंत्र मात्र विकतच घ्यावे लागले. ज्याच्याजवळ भांडवल, त्याचा आवाज मोठा, हे वाक्य इथे शब्दशः खरे ठरते.

१८/
विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे आयुष्य या साऱ्या कालखंडावर पसरलेले आहे. जन्म १९३५. ट्रान्झिस्टर जन्मला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. निधन जानेवारी २००२ मध्ये. प्रयोग चालू असताना पडद्यामागे प्रसूत होऊन त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्याची हकिकत सर्वत्र सांगितली जाते. राष्ट्रपतींकडून सन्मान लाभलेल्या या कलावतीची अखेर हलाखीत झाली. आज राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावे दिला जातो. यंत्राने आवाज शतगुणित केला. आवाजाच्या धनिणीचा वाटा त्या पटीत वाढला नाही.

१९/
मंचावरचे व्याकरणही बदलले. माइक एका जागी, म्हणून सोंगाड्याची पावले माइकभोवती घुटमळू लागतात. गळ्याला यंत्राचा आधार मिळाला की खालच्या पट्टीत, चित्रपटाच्या ढंगाने गाता येते. झीलकऱ्याची ध्वनिशास्त्रीय गरज संपते, उरते ती परंपरेची. त्याच वेळी हेही मान्य करावे लागेल की पहाडी गळा नसलेल्या, पण अभिनयात तरबेज असलेल्या अनेकांना माइकने दार उघडले. लाभ-हानीची वही एकाच रकान्यात लिहिता येत नाही.

२०/
शेवटचा फेरा कायद्याचा. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत, एवढीच फट. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही या चौकटीत आणली. झोपेचा हक्क खराच आहे, आणि स्पीकरच्या भिंतींचा जाच काल्पनिक नाही. पण कनातीला बंद सभागृह कोण म्हणेल?

२१/
याचा घाव नेमका कुठे बसला ते पाहा. तमाशाचा क्रम ठरलेला: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि सर्वांत शेवटी वग. रात्र तोकडी झाली की आधी वग आखडतो. म्हणजे ज्या भागात कथा आहे, नट आहे, राजा-प्रधानाला विचारलेला जाब आहे, तोच भाग घड्याळाच्या तोंडी जातो. जो आवाज फडाला मोठे करण्यासाठी आणला, त्याच्याच निमित्ताने फडाची रात्र लहान झाली.

२२/
शाहिरांची कवने छापली गेली, कलावतींची चरित्रे लिहिली गेली. ध्वनिव्यवस्थेचा इतिहास मात्र कुठल्याच दप्तरात नीट बांधलेला नाही. तो सापडेल यात्रा समितीच्या जमाखर्चाच्या वहीत, 'स्पीकर भाडे' या ओळीपुढे. जुन्या पावतीवर, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या फळीवर, फडात 'मशीनवर' बसणाऱ्या माणसाच्या आठवणीत. तुमच्या गावची अशी वही कुणाच्या माळ्यावर असेल, तर ती रद्दीत जाण्याआधी तिची छायाचित्रे काढून ठेवा. वर्ष, रक्कम आणि यंत्राचे नाव एवढे जरी वाचता आले, तरी या इतिहासाचे एक पान लिहून होईल.

(धागा समाप्त)