कमी कापण्याचा इतिहास

जन्मापासून वाढत जाऊन तोंडात मावेनाशी झालेली जीभ एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय सर्जनांना परिचयाची होती. बाहेर राहिलेला भाग सुकून भेगाळतो, त्यातून रक्त येतं, पुढचे दात पुढे ढकलले जातात, तोंड मिटत नाही. १८५४ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी अशा जिभेत लसिकावाहिन्यांच्या फुगलेल्या पोकळ्या दाखवल्या. म्हणजे ही वाढ कर्करोगाची नव्हे. तिच्यावरच्या शस्त्रक्रियेची गोष्ट सर्जनांच्या धाडसाची म्हणून सांगायचा मोह होतो. मला ती आधी रक्त आवरायला आणि मग हात आवरायला शिकण्याची वाटते.

यावर कुणी म्हणेल, खरी कलाटणी दिली ती १८४६ च्या ईथरच्या भुलीने. वेदना गेल्या हे खरंच. पण जिभेच्या बाबतीत भुलीने नवी अडचण उभी केली. शुद्धीवरचा रुग्ण घशात उतरलेलं रक्त खोकून टाकतो, भुलीत ते श्वासनलिकेत जातं. म्हणून तर भूल हाताशी असतानाही पॅरिसचे सर्जन शासेन्याक यांच्या एक्राझर या उपकरणाला मागणी होती. बोथट साखळीचा फास जिभेभोवती घालायचा आणि खटक्याखटक्याने तो आवळत न्यायचा. मांस सुरीसारखं कापलं न जाता चिरडलं जाई, शिरांची तोंडं मिटत. घाई केली की रक्त सुटलंच! आपल्याकडे आणखी एक आक्षेप ठरलेला: सुश्रुताला हे ठाऊक होतंच. सुश्रुतसंहितेत उपजिह्विका खरवडून क्षार लावायला सांगितलं आहे, पण ती जिभेला खालून वर उचलणारी सूज. अख्ख्या जिभेच्या वाढीशी तिची गल्लत करून ग्रंथाचा मान वाढत नाही.

मग गाठ सौम्य असेल तर कापायचीच कशाला? श्वासासाठी, गिळण्यासाठी, वाढत्या जबड्यासाठी. मात्र लसिकार्बुद, म्हणजे लसिकावाहिन्यांची ही गाठ, स्नायूंत झिरपलेलं असतं, त्याला कड नसते. ते मुळासकट काढायचं तर जीभच जाते. म्हणून व्ही आकाराची फाक काढून कडा शिवायच्या आणि थोडा रोग मागे ठेवायचा, हा शहाणपणाच होता. १९८७ मध्ये जपानच्या ओगिता यांनी ओके-४३२ हे औषध टोचून मुलांच्या लसिकागाठी आकसवल्या, आणि सुरीला पर्याय मिळाला. पण असं इंजेक्शन मोठ्या पोकळ्यांवर चालतं. जिभेत बहुधा असतात त्या बारीक पोकळ्या त्याला फारशी दाद देत नाहीत, आणि तिथे सुरी आजही लागते.