वसईचे सुरुंग व त्यांचे कारागीर

वसईच्या मोहिमेचा विषय निघाला कीं, चिमाजी आप्पांची ती प्रसिद्ध आख्यायिका सांगितली जाते : किल्ला हातीं येत नसेल, तर आपलें मस्तक तरी तोफेनें आंत पाडावें. ती खरी कीं मागाहून रचलेली, हा वाद येथें आम्हांस करावयाचा नाहीं. परंतु ती तोफ ठासणार कोण होता व तिची दारू कोणीं कुटली होती, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखकांस क्वचितच पडला आहे.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत, उत्तनकडील चौक गांवाजवळ, धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. (मुंबईंतील धारावी ती निराळी.) वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी ही टेकडी मराठ्यांनीं मार्च १७३९ मध्यें घेतली, तेव्हां वसईची दक्षिणेकडील बाजू उघडी पडली. वसईचा तट फोडणें हें मात्र सुरुंगांचेंच काम राहिलें.

सुरुंगाच्या दारूंत सुमारें तीन चतुर्थांश सोरा. बाकी गंधक व कोळसा. सोरा जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या खारट मातींतून पाण्यानें गाळून, आटवून काढावा लागे. कोळसा रुईसारख्या हलक्या लांकडाचा. कुटतांना एक ठिणगी पडली, तर झोंपडीसह कारागीर जाई. पुढें बेलदारांनीं तटाखालीं भुयार न्यावयाचें, समुद्रकांठच्या दमट जमिनींत दारू कोरडी राखून भरावयाची, आणि वात अशी बेतावयाची कीं सारे सुरुंग आपआपल्या वेळीं उडावे.

मे १७३९ च्या हल्ल्यांत हेंच फसलें. कांहीं सुरुंग उडून खिंडार पडलें, मराठे त्यांत घुसले, आणि मागें राहिलेला सुरुंग त्यांच्याच पायांखालीं उडाला. शेंकडों माणसें गेलीं. याला दैव म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें ती वातीच्या हिशेबांतील चूक होय, आणि वातीचा हिशेब शूराच्या हातीं नसतो. तरी पुनः सुरुंग पेटविले गेले व त्याच महिन्यांत फिरंग्यांनीं किल्ला खालीं करून दिला.

इंग्लंडांत १९१५ सालीं दारूगोळ्याचें स्वतंत्र मंत्रिखातें निघालें. तेथील कारखान्यांतील स्त्रियांची कातडी स्फोटक द्रव्यानें पिवळी पडे, म्हणून लोक त्यांस कॅनरी पक्षी म्हणत. त्यांचीं छायाचित्रें व आठवणी तेथें जपून ठेविलेल्या आहेत. आमच्याकडे सरदेसायांनीं पेशवे दफ्तराचा सोळावा खंड वसईच्या मोहिमेस दिला. त्यांतील पत्रें वाचतांना सरदारांचीं नांवें आपण टिपतों, बेलदारांवरून मात्र नजर सरकते.

संग्राहकांविषयीं आमची एक तक्रार आहे. शिक्कामोर्तबाचें पत्र रेशमी रुमालांत जातें, आणि त्याच दफ्तरांतील सोरा, गंधक, शिसें यांच्या मोडी याद्या रद्दीच्या भावानें जातात. अशी यादी ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तिची नक्कल तिथि व ठाण्याच्या नांवासह उतरून मंडळाकडे धाडावी. कागद फाटका असला तरी चालेल. रोजमुऱ्याचा आंकडा व त्यापुढील नांव तेवढें वाचतां यावें.